टर्बोचं बटन आणि इतिवृत्तातली एक ओळ

गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी सव्वासात वाजता, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये माझ्या मोठ्या बहिणीचं गाणं दुसऱ्या कडव्यावर थांबलं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, भिलाई अजून मध्य प्रदेशात होती. आधी साथ बंद पडली, मग गाणं. हा क्रम नोंदवणं भाग आहे, कारण पुढे तो उलटा लिहिला गेला.

मंडळाचे पेटीवादक निवृत्त होऊन भंडाऱ्याला परतले होते. पेटीशिवाय ताईला वेळ द्यायला कार्यकारिणी तयार नव्हती. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर पेटीचा आवाज काढणारा प्रोग्राम लिहिला. कीबोर्डच्या कळा याच त्याच्या पट्ट्या; गाताना ताईच त्या वाजवायची. कार्यकारिणीने तो ऐकला आणि सांगितलं की हे गाणं नीट झालं तर शेवटच्या दिवशीची मैफलही ताईची.

मशीन ३८६ प्रोसेसरचं होतं. तीन स्वर एकत्र दाबले की आवाज फाटायचा, कारण सेकंदाला अकरा हजार वेळा प्रत्येक स्वराची लाट नव्याने मोजणं प्रोसेसरला झेपत नव्हतं. दोन महिने मी फक्त प्रोसेसरवरचा हा लोड कमी केला. एक लाट सुरुवातीलाच मोजून तक्त्यात ठेवली. नंतर ती नुसती वाचायची. दशांश काढून पूर्णांक घेतले. विरून गेलेल्या स्वरांचं गणित थांबवलं. अखेर सहा स्वर एकत्र वाजू लागले, पण मशीन पूर्ण वेगात असेल तरच. तो वेग डब्यावरच्या ‘टर्बो’ लिहिलेल्या बटनाने मिळायचा. बटन दाबलेलं असताना छोट्या खिडकीत ३३ आकडा दिसे, सुटलं की १६.

हॉलच्या विजेचं काम स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यातल्या एका फोरमनकडे होतं; ते कार्यकारिणीतही होते. आदल्या दिवशी हॅलोजन आणि स्पीकरमुळे दोनदा फ्यूज उडाला होता. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालमीत मी ताईला दोन-तीनदा बजावलं की सहाच्या वर स्वर गेले तर लोड वाढेल. फोरमन तिथेच वायर गुंडाळत होते.

पहिलं कडवं संपताना दिवे मंदावले. फोरमन कॉम्प्युटरचा डबा ठेवलेल्या टेबलाखाली वाकले आणि निघून गेले. लगेच पेटीचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येऊ लागला. मागून कोणीतरी म्हणालं, “पेटी को हिचकी आ गई।” हॉल हसला. ताईने साथीशिवाय दोन ओळी म्हणून पाहिल्या, मग हात जोडून ती खाली उतरली. खिडकीत १६ होता.

मी फोरमनना विचारलं, “काकाजी, हे बटन कोणी दाबलं?”

“मीच दाबलं, बापू. तूच तं दुपारपासून लोड लोड करून राहिला होता. टर्बो चालू ठेवला तं लोड वाढन नाही का? मी कमी करून देल्ला.”

प्लांटमध्ये टर्बो म्हणजे भट्टीला हवा देणारा ब्लोअर, इमारतीएवढा. तीस वर्षं त्यांनी तो शब्द त्याच मशीनसाठी ऐकला होता. ही चूक मी समजू शकलो.

तीन दिवसांनी इतिवृत्त वाचलं गेलं: ‘गायिकेची तयारी अपुरी असल्याने कार्यक्रम अर्धवट राहिला.’ मैफल दुसऱ्या गायिकेला मिळाली. मी सचिवांना बटनाची हकीकत सांगितली. ती त्यांना आधीच माहीत होती. फोरमननीच सांगितली होती. विजेच्या कामात मंडळाची चूक दिसायला नको, असं सचिवांचं म्हणणं पडलं. शिवाय मंजूर इतिवृत्त बदलत नाहीत. फोरमन शेजारीच बसले होते.

घरी ताईला ओळ वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती.

“माही तयारी नव्हती म्हंते?” ती म्हणाली. “दोन महिने तुया त्या डब्याची कटकट ऐकत कोण गात होतं?”

पुढल्या गणेशोत्सवात ताईने नाव दिलं नाही. त्या वर्षी मी इतिवृत्ताची वही मागून पाहिली. ओळ तशीच होती. खाली पाच सह्या होत्या. चौथी फोरमनची होती.