नांदेड पासिंग

देवणीच्या बाजारात किशनराव गोऱ्हा घ्यायला उभे राहिले की विकणाराच आधी थकून जायचा. दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे, आणि एवढं झाल्यावर विचारायचे, सकाळी पाणी पाजून पोट फुगवून आणलंय का? माणूस वाईट नव्हता. कुणाचं काही बुडवलेलं नव्हतं. पण जो तो आपल्याला फसवायलाच घरातून निघतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

गाडीचंही तसंच. पांढरी, जुनी, मागच्या दाराला पोचा आलेली गाडी त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नांदेडच्या अबुजरभाईंकडून घेतली होती. अबुजरभाईंचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. त्यांनी सगळ्या कागदांवर सह्या करून दिल्या. आता गाडी नावावर करून घ्यायची तर मूळ कागद एजंटाकडे ठेवावे लागत होते. किशनरावांना ते पटेना. आपले कागद परक्याच्या कपाटात कशाला? म्हणून ते कागद ट्रंकेत गेले ते तिथंच राहिले, आणि गाडी देवणी तालुक्यात फिरत राहिली ती नांदेड पासिंगची, अबुजरभाईंच्या नावाची.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी रेडिएटर भरावा तर दोन-चार दिवसांत खाली. गाडीखाली तर एक थेंब दिसेना. किशनरावांनी चुलीतली राख आणून गाडीखाली पसरली. राख कोरडीच्या कोरडी राहिली. मग त्यांचा संशय माणसांवर गेला. कुणीतरी बॉनेट उघडतंय. बायकोनं, केवळाबाईंनी, शांतपणे विचारलं, की रेडिएटरचं पाणी चोरून नेऊन कुणी काय करील? तरी संशय काही गेला नाही.

उदगीरला जिलानीचं गॅरेज होतं. जिलानीनं इंजिनातलं तेल काढून बोटावर घेतलं. ते दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत होता. तो म्हणाला, "काका, हेड गॅस्केट गेलंय, इंजिनाच्या वरच्या भागाखालची पट्टी. पानी बाहेर सांडून न्हाई राहिलं, आतच जळून राहिलंय. हेड उघडावं लागंल."

इंजिन उघडायचं म्हटल्यावर किशनराव सावध झाले. बंद पोटात काय आहे ते डॉक्टर सांगतो आणि आपण मान हलवतो, तसलाच हा प्रकार. उघडल्यावर हा आतलं चांगलं काढून घेईल आणि जुनं बसवील. ते बघू म्हणून गाडी परत घेऊन आले, आणि डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवून फिरू लागले.

अशातच गाडीला पंधरा वर्षं भरत आली. नोंदणी वाढवून घ्यायला ते लातूरच्या आरटीओ कचेरीत गेले, तर खिडकीतल्या माणसानं सांगितलं की ज्याच्या नावावर गाडी त्याला आणा. ट्रंकेतल्या जुन्या सह्या आता चालणार नव्हत्या. फोन केला तर समोरचा माणूस सावध होतो, अडून बसतो, असा किशनरावांचा अनुभव. त्यांनी फोन न करता सरळ नांदेडची एसटी धरली.

देगलूर नाक्याच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून पन्नाशीच्या पुढची एक बाई बघत होती. अबुजरभाईंची बायको, सालेहा. अबुजरभाई जाऊन तीन वर्षं झाली होती. किशनरावांनी गाडीचं नाव काढलं, आणि बाईंचा चेहरा एकदम कठीण झाला. साखळी काही निघाली नाही.

"ती पांढरी गाडी तुमच्याकडं हाय?" त्या म्हणाल्या. "माझा मानूस कबरीत हाय, आन् त्याच्या नावानं चलन येऊन राहिलंय. कुठं सिग्नल तोडला, कुठं जोरात पळवली. फोटोत गाडी दिसती, मानूस दिसत न्हाई. उद्या कुनाला उडवलं असतं, तर पोलीस कुनाच्या दारात आले असते, भाऊ?"

आजवर दुसऱ्याचे दात तपासत आलेल्या माणसाचे दात कुणीतरी तपासत होतं. गाव कोणतं, शेत किती, इतकी वर्षं नाव का बदललं नाही, गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देता का, असं एकेक त्या विचारत गेल्या. खरं उत्तर किशनरावांनी दिलं, पण देताना ते त्यांनाच पटेना. एजंटावर विश्वास नव्हता म्हणून गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर फिरत राहिली, हे ऐकायला बरं वाटत नव्हतं.

वाट एकच होती. गाडी आधी वारस म्हणून सालेहाबाईंच्या नावावर व्हायची, मग त्यांनी ती किशनरावांना द्यायची. हे कळल्यावर किशनराव मनातल्या मनात हिशेब करू लागले. म्हणजे मधले काही दिवस गाडीची कायदेशीर मालकीण ही बाई. तिनं नंतर सही केलीच नाही तर? आणि बाईंचीही अट होती. न बघितलेल्या गाडीला त्या आपलं नाव लावणार नव्हत्या. गाडी दारात आणा, म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात किशनराव गाडी घेऊन निघाले. केवळाबाई आपणहून शेजारी बसल्या. तुमी तिथं भांडान तर मधी कुनीतरी पायजे, एवढंच म्हणाल्या. उदगीर, जळकोट, जांब मागं पडलं. कंधारच्या अलीकडे चढावर इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेपार गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली, आणि गाडी बाभळीखाली बंद पडली ती पडलीच.

किशनरावांनी जिलानीला फोन लावला. तो उगाच बोलला नाही. रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजंल, आन् पुन्हा चालू करून बघू नका, असं सांगून म्हणाला, की उदगीरपेक्षा नांदेड जवळ आहे, तिकडंच ओढून न्या. ओढायला कुणाला बोलवावं? किशनराव ऊन बघत उभे राहिले. शेवटी केवळाबाईंनीच त्यांच्या हातातला फोन घेऊन सालेहाबाईंना लावला.

सालेहाबाईंचा मुलगा अम्मार पिकअप घेऊन आला. त्यानं साखळी बांधली. कंधार ते नांदेड किशनराव बंद गाडीचं स्टिअरिंग धरून बसले होते. पुढं परक्याची पिकअप, मधे साखळी, आणि आपली गाडी ओढत नेली जातेय ती सालेहाबाईंच्याच दाराकडे. त्यांना वाटून गेलं, की हे सगळं असंच ठरवून झालं असतं तर यापेक्षा वेगळं काय दिसलं असतं?

नांदेडच्या मिस्त्रीनं हेड उघडलं. गॅस्केट दोन ठिकाणी जळून फाटलं होतं. किशनरावांनी ते हातात घेऊन उन्हात धरलं, उलटंपालटं केलं. जिलानीचं बोलणं खरं होतं. वेळेवर ऐकलं असतं तर हेड वाकलं नसतं, असं मिस्त्री म्हणाला, आणि किशनरावांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली.

दुरुस्तीला वेळ लागणार होता. गाडी नांदेडला ठेवून परतावं लागलं. निघताना किशनरावांनी टायरांचे, स्टेपनीचे, बॅटरीचे फोटो काढले. सालेहाबाई दारातून बघत होत्या. त्यांनीही आपला फोन काढला आणि गाडीशेजारी उभ्या असलेल्या किशनरावांचा फोटो काढून ठेवला. केवळाबाई मात्र पदर तोंडाला लावून दुसरीकडे वळल्या.

महिना होत आला. गाडी सालेहाबाईंच्या नावावर झाल्याचा निरोप आला, आणि त्यानंतर काहीच नाही. विचारलं की, करू, करू. एके सकाळी किशनराव न सांगता नांदेडला गेले. गल्लीत गाडी नव्हती. मिस्त्रीकडे नव्हती. दाराला कुलूप होतं. शेजारची पोरगी म्हणाली, सालेहाआपा गाडीत बसून गेल्या. किशनराव समोरच्या ओट्यावर बसले. झालं, आपण म्हणत होतो तेच झालं, या विचारात त्यांना दुःखाइतकंच एक विचित्र समाधानही होतं.

दुपार कलताना गाडी आली. अम्मार चालवत होता, सालेहाबाई मागं बसल्या होत्या. किशनरावांना बघून त्या दचकल्या नाहीत. उतरल्या, आणि त्यांनी कुलूप काढलं. या खेपेला दार पूर्ण उघडलं.

"इचारायला पायजे होतं, न्हाई इचारलं," त्या म्हणाल्या. "गाडी घेतली तवा पयल्यांदा आमी याच गाडीत कंधारच्या दर्ग्याला गेलो होतो. वाटलं, माझ्या नावावर हाय तवर एकदा जाऊन यावं."

किशनरावांनी विचारलं, "मंग सही का करून न्हाई राहिल्या?"

"सही करून कागद तुमच्या हातात दिला, तर पुन्हा ट्रंकेत जाईल. मागं गेला तसा. मी सोबत येनार. तुमचं नाव चढलेलं डोळ्यानं बघनार, मगच घरी जानार."

हे ऐकून किशनरावांना राग यायला हवा होता. आला नाही. गोऱ्ह्याचे दात बघणाऱ्याला दुसरा दात बघणारा ओळखू येतो. आपल्याला हिचा जेवढा संशय, तेवढीच या बाईला आपल्याविषयी भीती होती, आणि ती भीती आपणच इतकी वर्षं तिच्या दारात उभी केली होती, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या कळलं. ते म्हणाले, की तुमी म्हनाल त्या दिवशी येतो.

नांदेडच्या कचेरीच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या. चलनं आणि नोंदणी वाढवायचे पैसे किशनरावांनी भरले. नाव चढल्याचं दिसलं तेव्हा सालेहाबाईंनी संगणकाच्या पडद्याजवळ चष्मा नेऊन प्रत्येक अक्षर वाचलं, गावाचं नावसुद्धा. मग ओढणी सावरत, बरं झालं म्हणाल्या. किशनरावांनी घरापर्यंत सोडतो म्हणून गाडीचं दार उघडलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि रिक्षाला हात केला. आता ती गाडी परक्याची होती.

दुसऱ्या वर्षी हरिओमनं, म्हणजे मुलानं, नवी गाडी घेतली आणि जुनी विकायची ठरली. शिरूर अनंतपाळचा मल्लिनाथ नावाचा शिक्षक ती घ्यायला आला. माणूस घाईत होता. चावी द्या, नावाचं पुढच्या महिन्यात बघू, म्हणाला. किशनरावांनी नकार दिला. नाव बदलेपर्यंत गाडी गोठ्याशेजारीच उभी राहिली, आणि किशनराव स्वतः त्याच्याबरोबर लातूरला गेले.

"काका, माझ्यावर इस्वास न्हाई का?" मल्लिनाथनं रांगेत उभ्या उभ्या विचारलं.

"हाय न्हाईचा सवाल न्हाई," किशनराव म्हणाले. "तुमी उद्या कुठं धडकलात, तर पोलीस माझ्या बायकोच्या दारात नको."

मल्लिनाथला म्हातारा जरा विचित्रच वाटला. पण रांग पुढं सरकली, तसा तोही सरकला.