चिखलाचा टायर

आप्पांनी आधी माणसाला नमस्कार केला, असं कधी झालं नाही. तुम्ही फटफटी स्टँडवर लावेपर्यंत त्यांचा तळवा मागच्या चाकावरून फिरून आलेला असायचा. मग मान वर, आणि घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज: "गोटा झालाय की वो!" त्यानंतर कुठे तुमच्या तोंडाकडे बघून, "बाकी बरं हाय न्हवं?"

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही. माझा दवाखाना आणि त्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत. दुकान म्हणजे तरी काय, पत्र्याची शेड, कोळशाची शेगडी आणि जळक्या रबराचा वास. त्या वासानं माझे पेशंट बेजार व्हायचे. मी तणतणत गेलो की हा गृहस्थ शांतपणे म्हणणार, "तुमचं फिनेल तरी काय अत्तर हाय, डॉक्टर?" मी आपला परत येऊन खिडकी लावून घ्यायचो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नवा टायर म्हणजे देवाचं दर्शन, मिळाला तर मिळाला. खेड्यापाड्यात गाडीवाटेनं, ओढ्यातून फटफट्या हाकणारे दूधवाले, ग्रामसेवक आणि माझ्यासारखे व्हिजिटला जाणारे डॉक्टर, सगळ्यांचे टायर आप्पांच्या हातून दोन-दोन जन्म काढायचे. जाड नक्षीच्या टायरवर जे रबराचे ठोकळे असतात, त्यांना ते दात म्हणत. हे दात एकाच अंगानं झिजतात. म्हणून आप्पा आधी टायर उलटा करून बसवत, म्हणजे दुसऱ्या अंगाची कोरी कड कामाला येई. मग शेगडीवर तापवलेलं पातं घेऊन गोल झालेला एकेक दात पुन्हा चौकोनी कापत.

खरी बोंब पुढे व्हायची. गाडी काळ्या रानात जाणार असं कळलं की आप्पा एकाआड एक दात मुळापासून छाटून फेकायचे.

"अहो, आधीच गोटा, त्यात आहेत तेही काढता?" गिऱ्हाईक ओरडायचं.

"काळी माती दातात बसती. मदी फट आसली की चाक तिला थुकून टाकतंय. दात पाडल्याबिगर पकड येत न्हाय."

शिव्या देत गेलेली माणसं पावसाळ्यात शेंगाचटणीची पुडी घेऊन परत यायची. आप्पा पुडी हुंगायचे आणि म्हणायचे, "लसूण कमी हाय." पण ठेवून घ्यायचे.

चिखलाशी त्यांचं वैर होतं, आणि ते धंद्यापुरतं नव्हतं. बायको कधीच गेलेली. एकुलती एक लेक अक्कलकोटकडच्या एका खेड्यात दिलेली. तिला ते 'यव्वा' म्हणत. कानडीत आईलाही तेच आणि लाडानं लेकीलाही तेच. पहिल्या खेपेला ती अडली, तेव्हा तिला घेऊन निघालेली बैलगाडी काळ्या चिखलात आसापर्यंत रुतली. मूल वाटेतच गेलं. आप्पांनी हे मला एकदाच सांगितलं, पातं दगडावर घासता घासता, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुमचा पेशंट खोकतोय बगा."

दुसऱ्या खेपेला तिला सोलापूरला आपल्याकडे आणायचं त्यांच्या फार मनात होतं. तिची सासू म्हणाली, आई नसलेल्या घरात कोण बघणार तिला? झालं, ती तिकडेच राहिली.

दुष्काळ नुकताच सरला होता. दोन दिवस झड लागून गेली होती. सकाळी दवाखाना उघडतोय तोच एसटीचा कंडक्टर निरोप घेऊन आला. लेक रात्रीपासून अडलीय, सुईणीनं हात टेकलेत.

आप्पा माझ्याकडे आले ते थेट माझ्या फटफटीच्या मागच्या चाकाशी. तळवा फिरवला. या खेपेला 'गोटा' म्हणाले नाहीत. "डॉक्टर, येता न्हवं?" एवढंच.

मी बॅग भरेपर्यंत त्यांनी चाक खोललं होतं. पातं लालबुंद. भराभर दात उडत होते. मी बॅग घेऊन दारात उभा. "आप्पा, चला आता, पुरे!"

"थांबा! रुतलो की संपलं! एकदा संपलंय माझं!" ते ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. हात मात्र चालूच होता. टायर असा कोरला होता की दातांच्या मध्ये माझी दोन बोटं बसत होती. तसल्या चिखलासाठी त्या टायरला तोड नव्हती, हे मी आजही सांगेन.

डांबरी संपली आणि आम्ही लेकीच्या गावाच्या फाट्याला वळलो. चिखल नव्हताच.

सगळ्या वाटेवर खडी पसरली होती. ताजी, धारदार, रोलर न फिरलेली. आप्पा वर्षभर इकडे आले नव्हते. काळ्या रानातनं जाणारी ही वाट त्यांना लेक दिल्यापासून चिखलाचीच माहीत. ती आता सरकारी रस्ता झाली होती, आणि तिच्यावर आमचे ते सुटे, उंच दात मक्याच्या दाण्यांसारखे निखळायला लागले. मी गाडी कडेनं घेऊन पाहिली, पण कडेला खोल चर खणलेले. दोन मैल कसेबसे गेलो असू. दात पार मुळातून फाटले, पातळ झालेल्या रबरात खडीचा कोपरा घुसला आणि चाक धाडकन बसलं.

शेजारी एकजण म्हशी चारत होता. त्यानं आप्पांना ओळखलं. "कवाधरनं आला न्हाईसा, आप्पा? ह्यो रस्ता झाला की आता. दुष्काळी कामावर आमच्याच बायांनी फोडलीया ही खडी. तुमची लेकबी हुतीच की."

आप्पांनी ऐकलं की नाही कोण जाणे. माझी बॅग त्यांनी हिसकून घेतली आणि चालायला लागले, चालता चालता पळायला लागले. साठीचा माणूस, पायात वहाणा, खाली ती खडी. मी तरणाताठा मागे पडलो. "यव्वा, यव्वा," एवढंच पुढून ऐकू येत होतं.

गाव दिसायला लागलं तेव्हा समोरून जावयाचा धाकटा भाऊ आला. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलेलं. आप्पा थांबले. त्यानं तोंड उघडलं, "मामा..." आणि मान खाली घातली.

"कवा?" आप्पांनी विचारलं.

"आत्ताच. वैनी गेली त्याला घटकाबी झाली न्हाई."

आप्पांनी बॅग हळूच माझ्या पायाशी ठेवली. मग रस्त्याच्या मधोमध बसले. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्यांनी समोरच्या खडीतला एक तुकडा उचलला, त्याच्या कडेवरून तळवा फिरवला आणि बाजूला ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा.

"आप्पा," मी म्हटलं, "उठा."

"थांबा की वो, डॉक्टर," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "ह्यातली तिच्या हातची कंची हाय, तेवडं बगू द्या."