नानासोंनी सांगितलेले ब्रेक

नानासो मिस्त्री साताऱ्यात गॅरेज चालवायचे, तेव्हा त्यांच्या हाताचं नाव सांगलीपर्यंत होतं. लढाईत पलटणीच्या वर्कशॉपात चार वर्षं काढलेला माणूस. बोलणं बेताचं, इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचे.

शेहेचाळीस साली माझ्याकडे एक छोटी उघडी टू-सीटर मोटार होती. वडिलांच्या वकिलीवर मी केलेली चैन, दुसरं काय! चढाला ती धापा टाकायची, म्हणून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन मी मुंबईहून आणवलं आणि नानासोंच्या मागे लागलो. त्यांनी ते बसवून दिलं. गाडी अशी पळू लागली की मला नुसतं वेड लागायचं बाकी होतं.

"अनंतराव, ब्रेक जुनंच हायती," नानासो म्हणाले. "ह्या ताकदीला पुरायचं न्हाईत. आठ दिस थांबा, मोठं बसवतो."

पण दुसऱ्या दिवशी दसरा होता. गाडीला झेंडूची माळ बांधून, चाकाखाली लिंबू चिरडून मला मेढ्याला सासुरवाडीत मिरवायचं होतं. "दसरा झाला की बसवा," म्हणत मी गाडी जवळजवळ हिसकावूनच नेली.

मेढ्याच्या अलीकडच्या उतारावर गाडी आवरली नाही. ती ओढ्यात गेली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

इस्पितळात वडिलांनी सगळ्यांदेखत नानासोंना फैलावर घेतलं. "ब्रेक न बघता गाडी दिलीतच कशी?" नानासोंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. शुद्धीवर होतो, चांगला शुद्धीवर होतो! ते तसेच खोलीबाहेर निघून गेले.

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी गाडी नेईना. गॅरेज बंद करून ते शिराळ्याला गेले आणि पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करू लागले.

तीन वर्षांनी, वडील वारल्यावर, कुबडी घेऊन मी शिराळ्याला गेलो. चूक माझी होती, तुमच्यावर ढकलली, असं रडत सांगितलं. नानासोंनी हात पुसले, चहा मागवला. मला जरा हलकं वाटू लागलं होतं.

"आवं, ह्ये मला कशाला सांगताय?" ते म्हणाले. "मला म्हाईतच हाय की. साताऱ्यात सांगा."

परत आलो, पण माझी जीभ उचलली नाही. लोक नानासोंना नावं ठेवायचे आणि मी गप्प ऐकायचो. नानासो गेल्या महिन्यात गेले.

सातारकरहो, ब्रेकचं त्यांनी मला सांगितलं होतं.