भावासाठी केलेली प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्याविषयी एक चांगला समज आहे. धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नसतानाही मी वर्षानुवर्षं त्याच्यासाठी प्रार्थना केली, असं लोक सांगतात. ते खरं आहे. ती प्रार्थना कशी होती, ते आता लिहून ठेवतो.

भाऊ यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला राहतो. आई त्याच्याकडे होती आणि शेवटी अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं त्याने आणि त्याच्या बायकोने केलं. मी यवतमाळातच राहत असूनही क्वचित जायचो. गेलो की आईची उशी नीट ठेवायला सांगून परत यायचो. दफनानंतर कबरस्तानाच्या फाटकाशी, चार लोकांत मी म्हणालो, "नीट पाहिलं असतं, तर आई अजून जगली असती." भावाने माझ्याकडे पाहिलं आणि एकटाच चालत निघून गेला.

त्यानंतर रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब प्रार्थनेचे विषय विचारत, तेव्हा मी उभा राहू लागलो. "माझ्या भावाचं मन कठीण झालं आहे, प्रभू ते मऊ करो." सगळे आमेन म्हणत. भाऊ मागच्या बाकावर बसलेला असे. पुढे तो यायचाच बंद झाला. मग मी प्रार्थनेत 'भरकटलेला' हा शब्द वाढवला.

अर्पण देण्याआधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण मला माहीत होती. संडेस्कूलमध्ये ती मीच शिकवायचो. रविवारी अर्पणाची थैली समोर आली की अर्पण टाकायचो आणि घरी जेवायला जायचो.

मागच्या उन्हाळ्यात भावाची बायको बाजारात भेंडी निवडताना दिसली. मी विचारलं, "कसा आहे तो?"

"तुमच्या प्रार्थनेनं परेशान हायेत," ती म्हणाली. "मंडळीतले लोक आलते घरी, यायच्यातला कठीणपणाचा आत्मा काढाले. हे टीव्ही पाहून राह्यलेते. त्यायनं डोक्यावर हात ठेवून असा आवाज केला, का शेजारची मावशी धावत आली. म्हणे, भाऊले लकवा मारला का?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"आईचं हगणं-मुतणं यायनं काढलं, दादा. अन् मन कठीण यायचंच काहून?"

तिने भेंडी तोलायला दिली.

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो. आईची सेवा भावाने केली, मी नाही. कबरस्तानाच्या फाटकाजवळ बोललो ते खोटं होतं. मन कठीण होतं ते माझं. हे सगळं बोलून खाली बसलो. वाटलं, आता लोक तोंड फिरवतील. उपासनेनंतर लोकांनी माझे हात हातात घेतले. "काका, किती ही नम्रता!" पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यात यावरच सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायला सांगितलं. भावाबद्दल कोणी काही विचारलं नाही.

तेव्हा ऑटो केला आणि लोहाऱ्याला गेलो. भाऊ अंगणात टेबलपंखा खोलून बसला होता.

"कळलं मले," तो मान वर न करता म्हणाला. "चर्चमंदी माफी मागतली म्हणे. आता त तू अजूनच मोठा झाला."

"हो. ते तिथं झालं. तुले सांगाचं राह्यलं होतं. मी चुकलो. आईले तूच सांभाळलं."

तो पंख्याचं पातं पुसत राहिला.

"माफ केलं, असं म्हणू का?"

"खरं असन त म्हण."

"मंग आज नाही म्हणत."

मी बरं म्हणालो. त्याच्या बायकोने चहा आणला. कप हातात घेऊन मी सवयीने डोळे मिटले.

"इथं प्रार्थना नोको," भाऊ म्हणाला.

मी डोळे उघडले आणि चहा प्यायलो. निघालो तेव्हा तो उठला नाही. मी दाराशी चपला घालत असताना मागून म्हणाला, "उद्या येशीन त सकाळीच ये. दुपारी मी झोपतो."