मोठ्याने वाचलेला आदेश

सुकटीचा वास आला की मला बेलापूरच्या सरकारी इमारतीतलं ते गार दालन आठवतं. तिथे मी बातमीदार म्हणून एका मंत्र्यांच्या सुनावणीला गेलो होतो. ते मंत्री पूर्वी मदरशात हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, शिकवायचे. विद्यार्थ्याने ग्रंथ मोठ्याने वाचायचा आणि गुरूने पूर्ण ऐकल्यावरच संमती द्यायची, ही तिथली रीत. मंत्री झाल्यावरही ते न ऐकलेल्या कागदावर सही करत नसत. त्या दिवशी उरणच्या किनाऱ्यावरची जागा गोदामाला देण्याचा आदेश सहीसाठी आला होता. हरकत घेणारी कोळीण मांडीवर टोपली घेऊन समोर बसली होती. "साहेब, चाळीस पानं आहेत, सारांश सांगतो," अधिकारी म्हणाले. "वाचा. मला घाई नाही," मंत्री म्हणाले. बऱ्याच वेळाने 'सदर जागा रिकामी आहे' हे वाक्य आलं आणि ती ताडकन उठली. "रिकामी? मंग आमची सुकट काय आभालात वालते?" तिने टोपलीवरचं फडकं काढलं. अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. मंत्र्यांनी पेनाला टोपण लावलं. "आधी जागा पाहू," एवढंच ते बोलले. सहीचा अधिकार असलेला माणूस इतकं ऐकून घेताना मी तोवर पाहिला नव्हता. त्या सकाळच्या माझ्या बातमीतही जागा रिकामीच होती. आता जागेची बातमी मी आधी तिथल्या माणसाला वाचून दाखवतो, मग पाठवतो.