आखाजीचं बिऱ्हाड

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तिला असं शहाण्यासारखं कोणी म्हणत नाही. खानदेशात हा सण दिवाळीलाही मागे टाकतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके चढतात, खापरावर परातीएवढे मांडे पडतात आणि आंब्याच्या रसानं हात कोपरापर्यंत बरबटतात. अजूनही वैशाख लागला की माझ्या छातीत धडधडायला लागतं. पोरांना वाटतं, आईला आंब्यांची ओढ लागली. ती आहेच, पण ही धडधड निराळी.

माझे वडील सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाच्या शेतात राबणारा गडी. त्याचं साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला फिटतं. राहायला मालकाच्या खळ्यातली खोली. म्हणजे काम गेलं की छप्परही गेलं, दोन्ही एकाच सकाळी. इकडे सगळं गाव झोक्यावर आणि तिकडे सालदारांची बिऱ्हाडं रस्त्यावर, डोक्यावर ट्रंक, काखेत कोंबडी. आणि खोटं कशाला बोलू, मला ते भयंकर आवडायचं! नवी खोली, नवं अंगण, नव्या मैत्रिणी. ज्या पोरी जन्मभर एकाच घरात राहिल्या त्यांची मला कीव यायची.

मायचं तसं नव्हतं. आखाजीच्या आधी महिनाभर तिच्या तोंडाची चव जायची. आमच्यात “उघड्यावर पडशील” यापेक्षा मोठी शिवी नव्हती. दारू पिणारा चालेल, भांडखोर चालेल, पण बिनघराचा माणूस म्हणजे काहीतरी लागण झालेला. मायचा यावर फार कटाक्ष. गावाबाहेर फाट्यावरच्या निंबाखाली पाटे-वरवंटे घडवणारं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातली बाई खळ्यात पाणी मागायला आली, तेव्हा मायनं तिला दारातूनच परतवलं होतं. “घर नही, उंबरा नही, आन दुसरासना दारशी उभ्या ऱ्हातस,” असं ती मागून बराच वेळ बडबडत होती. आमची स्वतःची खोली बारा महिन्यांच्या बोलीची, हे तेव्हा तिच्याही ध्यानात नव्हतं आणि माझ्याही.

उंबऱ्याचं एवढं काय, तर त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यावर छोटं भांडं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. मग घरची बाई उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते आणि एकेका गेलेल्याचं नाव घेते. नाव घेतलं की तो येतो, जेवतो, तृप्त होऊन जातो. त्याच्या आधी घरात कोणी घास खायचा नाही. उंबराच नसेल तर बोट कुठे ओढणार आणि पितर तरी कुठून आत येणार?

आमच्या मालकांना सगळे नाना म्हणत, मालकीणबाईंना अक्का. त्यांच्या घरी एक जुना रिवाज होता. सालदाराला ठेवायचं असलं की आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घागरीबरोबर त्याचीही नवी घागर खळ्यात यायची. घागर आली, साल पक्कं. तोंडानं विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. दोन्हीकडचा मान राहायचा.

त्या वर्षी, ऐंशी साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट, दिवस कलला तरी घागर आली नाही.

“येई,” माय म्हणाली. “कुंभार उशीर करी ऱ्हायना व्हई.”

“नानानी नजर बदली गयी,” आबा म्हणाले. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो.

“मंग इचारी ल्या ना एकडाव.”

“इचारानं काय? रिवाज शे. घागर नही म्हंजे साल नही. त्यानी काढाना पह्यले आपुनच निंघी जाऊ.”

आबांचा स्वभाव असाच, नाकावर माशी बसू न देणारा. उजाडताच त्यांनी बिऱ्हाड बांधलं. होतं तरी काय? एक ट्रंक, पातेली, गोधड्या, घागरीवर ठेवायला आणलेलं डांगर आणि मायनं आदल्या दिवशी केलेल्या सांजोऱ्यांचा डबा. त्या डब्याला हात लावायची मला बंदी, आधी पितरं जेवणार. वाटेत कोणी कुठे निघालात म्हणून विचारलं, “कथा चालनात?” तर आबा छाती काढून सांगायचे, “नवं साल शे.” कुठलं साल नि कुठलं काय! मी मात्र गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन उड्या मारत निघाले होते.

फाट्यावर आलो तेव्हा ऊन चटकायला लागलं होतं. आबांनी सामान निंबाखाली ठेवलं, “माले दोनचार गावं दखी येऊ द्या,” म्हणाले आणि एरंडोलच्या रस्त्याला लागले. निंबाच्या एका बाजूला ते पाटे घडवणारे. बारदानाचा आडोसा, तीन दगडांची चूल, छिन्नीची टकटक. दुसऱ्या बाजूला गावातल्या माहेरवाशिणींनी बांधलेला दणदणीत झोका. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला!

पाटेवाली आमच्याकडे बघून म्हणाली, “बसा ना ताई, सावली मोठीये.” तिची बोली नगरकडची होती. तिनं मायला ओळखलं असणार, पण तसं दाखवलं नाही.

माय उन्हातच उभी राहिली. “आम्ही आठे बठाले नही उनूत,” ती म्हणाली, इथे बसायला आलोच नाही अशा थाटात. “आम्हनं घर बदली ऱ्हायनं.”

आणि ती तशीच उभी राहिली, पदर डोक्यावर ओढून, ट्रंकेला हात टेकवून. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, आता गाडी येईल आणि ही बाई निघेल. सावली सरकत सरकत तिच्या पायांशी आली. आता आठवलं की मला हसू येतं आणि लगेच डोळ्यांत पाणीही येतं. पण त्या वेळी मी झोक्याच्या रांगेत होते. माहेरवाशिणी नव्या लुगड्यांत, हातभर बांगड्या, गाणी तर अशी चढ्या आवाजात की पाखरं उडाली. माझा नंबर आला आणि मी अशी उंच गेले, अशी उंच गेले की एकीकडे नानांचं खळं दिसलं आणि दुसरीकडे एरंडोलची एस.टी. असा आनंद मला पुढे कशानं झाला नाही, नोकरी लागली तेव्हासुद्धा.

झोक्यावरून उतरले तर एका माहेरवाशिणीनं मला जवळ बोलावलं. सामानाकडे बघितलं, बारदानाकडे बघितलं आणि माझ्या हातावर सांजोरी ठेवली. “ले वं पोरी, सननं खाय.” मला काय, मी नाचतच मायकडे गेले, अर्धी तोंडात आणि अर्धी हातात.

“कोनी दिधी?”

मी बोट दाखवलं.

“भिकारनी समजनी का ती माले?” माय अशी ओरडली की झोका थांबला. “फेकी दे ती! फेक!”

मी उरलेली अर्धी चटकन तोंडात कोंबली. अपमान तिचा झाला होता, भूक माझी होती. पण मग बघते तर माय मटकन खाली बसलेली, ट्रंकेला पाठ लावून, नेमकी सावलीत. “बाई, आपुनबी यासनासारखंच दिसतस का वं?” ती मला विचारत होती.

आबा परतले ते ऊन डोक्यावर आल्यावर. चेहरा बघूनच कळलं. “आज कोन ठेवस? बठ्ठासना गडी ठरी गयात.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतका वेळ खेळासारखं वाटत होतं, आता ते सरलं. सगळ्या गावात घागरी भरल्या असतील, आमचीच पितरं जुन्या खोलीपाशी ताटकळत असतील, असं मला अगदी दिसायला लागलं.

तेवढ्यात गावाकडून अक्का येताना दिसल्या. एवढ्या उन्हात पायी, कमरेवर कोरी घागर, हातात रसाची बरणी, घामानं कुंकू ओघळलेलं.

“तुम्हले काय येड लागनं का?” त्या लांबूनच ओरडल्या. “दोन घागरी लयन्यात एरंडोलथून. तुम्हनी गाडीमा तडकी गयी. तडकेल घागर पितरसले देतस का? म्हनीसन सकायमा दुसरी लेवाले गडी धाडेल व्हता. घागर लईसन मी खयामा उनू, ते खोली रिकामी!”

एवढंच होतं. घागर तडकली होती!

“मंग चला,” मी टाळीच पिटली. “परत जाऊ!”

अक्कांनी घागर खाली ठेवली आणि पुढचं सांगितलं. नानांना वाटलं, आपला गडी न सांगता पळाला, कोणाची तरी उचल घेतली. रागाच्या भरात त्यांनी पारावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला शब्द दिला. त्याची ट्रंकही खोलीत ठेवून झाली होती.

माय आबांकडे वळली. “तुम्हनं तोंड काय कोनी शिवेल व्हतं?” आबा पागोटं काढून मांडीवर घेऊन बसले.

“मी सांगस नानाले,” अक्का म्हणाल्या. “काढी देई नवा गडीले. आते ते उना शे.”

माझा जीव कानात आला. आबांनी मायकडे बघितलं. घर पाहिजे होतं तिला, जिवाच्या आकांतानं पाहिजे होतं. तिनं विचारलं, “पोरंसोरं शेतस का त्याले?”

“दोन. बायको पोटुशी शे.”

माय निंबाकडे बघत राहिली. सावली एका बाजूला भरली होती, दुसऱ्या बाजूला आम्ही होतो. “नको अक्का,” ती म्हणाली. “मंग ती आठे यीसन उभी ऱ्हाई. माले समजनं शे आते, आठे कसं उभं ऱ्हातस ते.”

काळजी करू नका, आम्ही फार दिवस तिथे राहिलो नाही. पाऊस पडायच्या आत आबांना साक्रीच्या बाजूला साल मिळालं, आणि त्यानंतर ते तोंडानं विचारायला शिकले. पण त्या दुपारी यातलं काही ठाऊक नव्हतं. होतं ते एवढंच की घागर आली होती आणि उंबरा नव्हता.

माय उठली. पदर खोचला आणि तरातरा पाटेवालीकडे गेली. “बाई, एक पाटा देस का वापराले? संध्याकायले परत देसू.” पाटेवालीनं अजून टाकी न लागलेला, लांबटसा दगड दाखवला. “ने की ताई. सणाचं काम आहे, पाय तेवढा लावू नको.” दोघींनी मिळून तो उचलून आणला आणि ट्रंक नि निंबाचं खोड यांच्या मधल्या जागेत आडवा ठेवला. मायनं पलीकडे जमीन झाडली, पाणी शिंपडलं, घागर भरून मांडली, डांगर ठेवलं, डबा उघडला. मग दगडावर कुंकवाचं बोट ओढत तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. सासरा, सासू, माहेरचा बाप, माझा एक भाऊ जो मी पाहिलाच नाही. प्रत्येक नावामागे ती स्पष्ट आवाजात सांगत होती, “औंदा आठे या. आठे शेतस आम्ही.” शेवटी तिनं पाटेवालीला विचारलं, “तुम्हनामा कोन गयं?” त्या बाईनं सासऱ्याचं नाव सांगितलं. मायनं त्याचंही बोट ओढलं.

अक्का अजून रस्त्याच्या कडेला, उन्हात उभ्याच होत्या. जावं की थांबावं ते त्यांना कळत नव्हतं. मायनं वर बघितलं.

“सनना दिन दारशी उनात, अक्का. जेवीसनच जा. या, घरमा या.”

अक्कांनी आजूबाजूला बघितलं. भिंत नव्हती, दार नव्हतं. मग त्यांनी दगडाच्या अलीकडे चपला काढून ठेवल्या, पाय न लागू देता तो ओलांडला आणि आत आल्या.