मेच्या आधीचं लायसन्स

१० एप्रिल २०१७. हौ मेई-शिआने ड्रायव्हिंग स्कूलच्या खिडकीत परीक्षेच्या फीचे ४५० डॉलर ठेवले आणि पावती एप्रनच्या खिशात घातली. एप्रनला कालवांचा वास होता. चियायीच्या किनाऱ्यावर ती कालवं फोडून विकायची. वय चौपन्न. जानेवारीत नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि तेव्हापासून त्यांचा छोटा ट्रक दारात उभा होता. बाजार बावीस किलोमीटरवर.

तिला शिकवणारे मास्तर को शुई-च्वान. कोळंबीच्या तळ्यांमधल्या सिमेंटच्या मैदानात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. त्यांच्या उमेदीच्या काळात गाडी सरळ मागे घेऊन दाखवली की लायसन्स मिळे. मग नागमोडी वळण आलं. मग रेषांखाली नळ्या आल्या. चाक लागलं की घंटा वाजे आणि गुण कापले जात. मग चढावर थांबून पुन्हा निघणं आलं. सरकारने नवा नियम काढावा आणि मास्तरांनी आठवड्याच्या आत त्याची खूण शोधावी. गाडीच्या मागच्या काचेवर लाल टेपची पट्टी. मान वळवून बघायचं, पट्टी आणि मैदानाच्या कडेचा खांब एका रेषेत आले की स्टिअरिंग दीड फेरा डावीकडे. दहातले नऊ जण पास व्हायचे.

आता १ मेपासून परीक्षा मैदानाबाहेर, खऱ्या रस्त्यावरही होणार होती. तिथली खूण मास्तरांना सापडत नव्हती. ते स्वतः स्कूटरने ये-जा करायचे. रस्त्यावर गाडी चालवून त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि हे त्यांचा सहकारी लिआव याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे एप्रिलमध्येच उरकून घ्यायला जी झुंबड उडाली, तिचं सगळ्यांत जास्त बरं वाटलं ते मास्तरांना.

"मास्तर, बाजाराच्या वाटेवर तुमचे खांब नाहीत हो," मेई-शिआ एकदा म्हणाली. "तिथं काय बघून वळायचं?"

"कालवं अजून शिंपल्यात आहेत अन् तुम्ही भाव सांगताय! आधी पास व्हा, ताई."

"एकदा तरी बाहेर न्या ना मला. नाहीतर असं करते, मेपर्यंत थांबते. तोवर दीर त्याच्या गाडीतून नेतोय माल. कुरकुरतो, पण नेतो."

मास्तरांनी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. थांबा म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण मेमध्ये तिच्या शेजारी बसून हमरस्त्यावर जायचं ते त्यांनाच.

"वेडेपणा करू नका," ते म्हणाले. "मेनंतर परीक्षक कागद घेऊन शेजारी बसणार. तुमचे हात इथंच थरथरतात. लायसन्स घेऊन ठेवा, मग सावकाश शिका."

"मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली.

२६ एप्रिलला तिला शंभरपैकी शंभर पडले. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर कालवं घेऊन आली. लिआव हसत म्हणाला, "को दादा, लायसन्स खरं तर तुमच्या टेपला द्यायला हवं."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मास्तर नव्या नियमाच्या पोरांना घेऊन बाहेर निघाले. पाय कायम शिकवणाऱ्याच्या ब्रेकवर, पाठ घामाने ओली. पहिल्याच चौकात एका पोराने विचारलं, "मास्तर, आता कुठला खांब?" परत आले तेव्हा लिआव फाटकातच उभा होता.

"ती कालवंवाली गेली, दादा. आज पहाटे. किनाऱ्याच्या हमरस्त्यावर डावीकडे वळत होती."

"गेली म्हणजे?"

"खडीचा ट्रक आला. जागच्या जागी."

पेट्रोल पंपावरच्या माणसाने पोलिसांना सांगितलं ते असं: छोटा ट्रक हळूहळू रस्त्याच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. बाई समोर बघत नव्हती. मान वळवून मागच्या काचेतून काहीतरी शोधत होती. पोलिसांनी स्कूलमध्ये येऊन एक फोटो दाखवला. तिच्या ट्रकच्या मागच्या काचेवर, नेमक्या त्याच जागी, लाल टेप लावलेली होती. लायसन्स खरं, गुण खरे, नियम त्या दिवशीचा. मास्तरांना कुणी एका शब्दाने बोललं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या गाड्यांच्या टेपा काढल्या. मैदानातली परीक्षा काही रद्द झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाच जण नापास झाले आणि मालक खेकसला, "को, डोकं फिरलंय का?" दुपारी टेपा पुन्हा लागल्या. त्यांनीच लावल्या.

अंत्यविधीच्या मांडवात तिचा नवरा चाकांच्या खुर्चीत होता. मास्तर समोर वाकले तेव्हा त्याने चांगल्या हाताने त्यांची बाही धरली. वाकड्या तोंडातून शब्द कष्टाने आले.

"मास्तर... शंभर पडले होते ना तिला?"

"हो. शंभर."

"घरी सगळ्यांना दाखवत होती."

त्याने बाही सोडली नाही. मास्तरांना सांगायचं होतं की ती थांबायला तयार होती. ते नुसतेच वाकून उभे राहिले, रांगेतला मागचा माणूस खाकरेपर्यंत.

दुखवट्याच्या पांढऱ्या लिफाफ्यात शेकड्यांचा आकडा सम चालत नाही, म्हणून अकराशे घालावे लागले होते. मास्तरांकडे हजारच होते. वरचे शंभर त्यांनी मांडवाच्या दाराशी लिआवकडून घेतले. ते शंभर डॉलर अजून द्यायचे आहेत.